कॅसेटची न मोडलेली पट्टी

ताई, मी निघालो त्या सकाळी बाबांनी माझी बॅग रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकली होती, आठवतं? विमानात चालेल त्यापेक्षा वजन जास्त भरलं. आईनं दिलेलं तिखट बाहेर काढायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून माझ्या कॅसेटी निघाल्या. बाबा म्हणाले, "गाणी काय पळून चालली का? मागून पाठवतो न."

त्यांत माझा तो लाडका इंग्रजी अल्बम होता. गाणारी ती आणि सिंथेसायझरवर तो, दोघंच. हॉस्टेलमधल्या मित्राकडून मी तो भरून घेतला होता. निम्मे शब्द कळत नव्हते, पण तिचा आवाज लागला की नागपूर सोडून कुठेही जाता येईल असं वाटायचं. कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, हे मला माहीत होतं. मोडली नाही. आळस, दुसरं काय!

नोकरीसाठी परदेशात, प्लेनोत आल्यावर कळलं, इथे कुठेही जायचं तर आधी गाडी लागते. सहा महिन्यांनी मी सेकंडहँड गाडी घेतली आणि त्याच आठवड्यात तुमचं पार्सल आलं. ऑफिसला जाताना मोठ्या थाटात त्या अल्बमची कॅसेट लावली. तिच्या आवाजाऐवजी बाबांचं खाकरणं ऐकू आलं. "हॅलो... जयभीम बेटा. सुरू झालं का गं मशीन?" मग विहाराला दिलेला नवा रंग, शेजारच्या काकूंचा मोतीबिंदू, असं एकेक.

मला संताप आला. ज्या गल्लीतून जीव घेऊन सुटलो, ती गल्लीच माझ्या गाण्यांवर येऊन बसली होती. पाच-सात मिनिटांत कॅसेट बाहेर काढली, उलटूनसुद्धा पाहिली नाही. रविवारी फोन केला तो भांडायलाच. "विचारायला काय झालं होतं? माझी एक वस्तू धड ठेवता येत नाही?" बाबा म्हणाले, "बरं बाबू, चुकलंच." त्यानंतर ते टेपरेकॉर्डरसमोर कधी बसले नाहीत.

ऑफिसातल्या गॅरीकडे त्या अल्बमची मूळ रेकॉर्ड होती. तो कोरी कॅसेट द्यायला तयार होता. "नो नो, यूज धिस वन," म्हणत मी हट्टानं तीच त्याच्या हातात ठेवली. दोन्ही बाजू नव्यानं भरून घेतल्या. जिंकल्यासारखं वाटलं होतं मला, ताई.

पुढच्याच वर्षी बाबा गेले. व्हिसाचे कागद अडकलेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तू विचारलंस, "त्यांचा आवाज तुझ्याकडेच आहे न? मला कॉपी पाठव." मी म्हटलं, शिफ्टिंगमध्ये हरवली. खोटं बोललो. ती रोज माझ्या गाडीत वाजत होती.

शेवटचं गाणं संपलं की मी लगेच रिवाइंड करायचो. परवा संध्याकाळी हायवेवर पुढच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला, मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो आणि टेप तशीच पुढे सरकली. थोडी खरखर झाली. मग बाबा बोलले. अल्बमची बाजू कॅसेटपेक्षा आखूड होती, ताई. बाबांची शेवटची चार मिनिटं पुसायची राहिली होती.

"...हिच्यावर तुझी गाणी होती, हे ताईनं आत्ता सांगितलं. मला वाटलं कोरीच आहे. रागावू नको बेटा. दुसऱ्या बाजूला हात नाही लावला, तिथली गाणी तशीच आहेत. जेवत जा वेळेवर."

ती बाजूही मीच पुसली होती.

लोकांना घराचा पत्ता प्लेनोचा सांगतो. तिथे मी राहतो, एवढंच. घर त्या चार मिनिटांत आहे, आणि त्याआधीचं सगळं मी स्वतःच्या हातानं घालवलं. कॅसेट सोबत पाठवतो आहे. गाणी संपेपर्यंत थांब, माझ्यासारखी घाई करू नको. आणि घाबरू नको, पट्टी आता मोडली आहे.