बिनशेपटीचा बैल

"हात धुतले का?"

भाऊच्या गोठ्यात पाऊल टाकलं की पहिला सवाल हा. जगातली माणसं लोखंडाला हात लावून झाल्यावर हात धुतात. हा बाबा आधी धुवायला लावायचा. घामानं लोखंडाला गंज चढतो, असं त्याचं म्हणणं. एकदा दौऱ्यावरचे महसुलाचे गिरदावर साहेब गोठा बघायला आले, तर त्यांच्याहीपुढं भाऊनं तांब्या धरला. साहेबांना वाटलं, जेवायला वाढतोय. ते हात धुऊन, टोपी काढून, पाट कुठं मांडलाय ते शोधू लागले. शेवटी वैनींना घाईघाईनं भाकरी टाकावी लागली.

भाऊचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. आमचं गाव डोंगरकडा नावाच्या गावापासून हाकेच्या अंतरावर; हाक मारणाऱ्याचा गळा मात्र चांगला पाहिजे.

हिंगोलीला एके काळी गोऱ्या साहेबांची छावणी होती, हे तुम्हीही जुन्या माणसांकडून ऐकलं असेल. छावणी उठली, साहेब गेले, बंगल्यांपुढची हिरवळ बाभळींनी गिळली. मागं राहिल्या त्या गवत कापायच्या ढकलगाड्या. दोन लोखंडी चाकं, मधे पीळदार पात्यांचा रूळ, त्याच्या पोटाखाली एक सरळ पातं आणि मागं लांब दांडा. दांडा ढकलला की चाकांबरोबर रूळ फिरतो आणि गवत दोन पात्यांत कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. भाऊचा बाप त्या छावणीत माळी होता. लहानपणी भाऊला एकदा, एकदाच, तो दांडा धरायला मिळाला होता. तेवढं माणसाला जन्मभर पुरलं.

पुढं मोठेपणी त्यानं या गंजक्या गाड्या हुडकून आणायचा सपाटा लावला. एक त्याला पडक्या बंगल्याच्या खुराड्यात सापडली. तिच्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. पिल्लं निघेपर्यंत भाऊनं त्या बंगल्याच्या ओट्यावर मुक्काम ठोकला. मी तर असं ऐकलंय की कोंबडी चरायला गेली की अंड्यांवर हाच बसायचा. दुसरी गाडी गोरेगावच्या बाजारात तंबाखूवाल्याच्या पालाला वजन म्हणून बांधलेली होती. भाऊनं ती सोडवून घेतली आणि पाल वाऱ्यावर गेलं, ते म्हणे सेनगावात उतरलं, तंबाखूसकट. तिथं धंदा इकडच्यापेक्षा बरा झाला, म्हणून तंबाखूवाल्यानं तक्रारही केली नाही.

गाडी आली की ती आधी घासलेटात भिजायची. मग विटेच्या भुकटीनं घासणं. मग बारीक वाळू आणि करडीचं तेल पात्यांना लावून रूळ उलटा फिरवत बसायचं. उलटा फिरवल्यानंच धार लागते. त्या करकरीनं अख्ख्या गल्लीचे दात आंबायचे. सकाळी कुणाला भाकरी चावेना. आम्ही ओरडलो की भाऊ म्हणायचा, "थोडी तकलीफ सोसा की. धार लागून राहिली!"

लढाईच्या दिवसांत लोखंडाला भाव आला, तेव्हा हिंगोलीचा एक भंगारवाला या गाड्या न्यायला आला. भाऊनं त्याला हात धुवायला लावले, एकेका गाडीचं कूळ-मूळ सांगितलं आणि दांडा हाती देऊन अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. जाताना तो गडी काही न नेता, उलट आपल्या पोत्यातलं एक चाक भाऊला देऊन गेला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. घोटाळा झाला तो सगळ्यात देखण्या गाडीपायी. ती कळमनुरीकडच्या एका जमीनदाराच्या दिवाणखान्यात, हरणाच्या शिंगांखाली मांडून ठेवलेली. तो काही केल्या देईना. एके सकाळी भाऊ बैलजोडी घेऊन गेला, आणि संध्याकाळी गाडी ढकलत आला.

वैनी दारातच होत्या.

"आवो, बैल कुठायत?"

"दिले."

"कोणाला?"

"हिच्या बदल्यात."

वैनींनी गाडीभोवती एक फेरी मारली. "हिला चारा लागत न्हाई?"

"न्हाई ना!" भाऊ खुलला.

"पेंड?"

"ती बी न्हाई."

"शेण देती?"

भाऊ उपरण्यानं चाक पुसू लागला.

"मंग मी गवऱ्या कशाच्या थापू? अन् वावर काय हिनं वखरू?"

वैनींनी गाठोडं बांधलं. त्यांचं माहेर नरसीचं. निघताना उंबऱ्याबाहेर उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पोळ्याला मी पूजेचं ताट घेऊन येईन. दारी पूजायला बैल असला तर घरात. नसला तर ताट घेऊन तशीच माघारी. मंग ऱ्हावा त्या लोखंडापाशी जलमभर हात धुवत."

वैनी एका बोलाच्या होत्या. हे भाऊलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

आम्ही म्हटलं, "भाऊ, गाडी परत दे, बैल आण." भाऊ गेलाही. जमीनदार म्हणाला, बैल माझ्या हाताला रुळले, आता तेवढं सोडून बोल. भाऊ वाळत चालला. भाकरी स्वतः थापायचा. आमच्या कुत्र्यानं त्यातली एक पुरून ठेवली, पण वर काढायला त्याला धीर झाला नाही. वैनींचं जेवायचं ताट मात्र भाऊ रोज घासून जागेवर ठेवायचा, आणि ते घासायच्या आधीही हात धुवायचा.

पोळा जवळ आला तसा तो पाटलाकडं गेला. मी सोबत होतोच. असल्या ठिकाणी मी नेहमी सोबत असतो. आमच्याकडं पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली गावचे बैल रांगेनं उभे राहतात, पाटलाचा बैल मानाचा. तोरणाखालून आला तो बैल पूजेचा, मग दारी कुणीही तो नाकारत नाही.

"पाटील, यंदा माझी गाडी तोरणाखाली उभी करू द्या," भाऊ म्हणाला.

पाटलानं हुक्क्याची नळी खाली ठेवली. "काहून येड्यावानी करून राहिला? ज्याला शेपूट न्हाई त्याला तोरण न्हाई."

"वेशीपुढचं मैदान गालिच्यावानी करून देतो. मंग?"

वेशीपुढं पावसानं गुडघाभर गवत माजलेलं. आदल्या साली त्यातल्याच सापाचं पान पाटलाच्या बैलाला लागता लागता राहिलं होतं. पाटील म्हणाला, "कर. बघू तुझ्या लोखंडाचं पाणी."

दुसऱ्या दिवशी गाव झाडून वेशीत. भाऊनं गाडी पुसली, दांड्याला हळद लावली, 'जय बजरंग' म्हणून ढकलली. चार हात गेली आणि अडकली. गुडघाभर गवत रुळाला असं गुंडाळलं गेलं की बुजगावणं वाटावं. भाऊनं मागून जोर केला, तसा दांडा वर आणि भाऊ गाडीवरून पलीकडं. गाव इतकं हसलं की डोंगरकड्याचे लोक काय झालं ते विचारायला आले. चूक त्याचीही नव्हती म्हणा. बंगल्यावर त्यानं रोज कापलेलं गवतच पाहिलं होतं. माजलेलं गवत तिथं कधी कुणी ठेवलंच नव्हतं.

लोक पांगले. भाऊ मात्र तिथंच बसून रुळातलं गवत एकेक काडीनं उपटत राहिला. एवढ्यात आमची शेळी आली आणि कडेचं गवत ओरबाडून ओरबाडून खाऊ लागली. भाऊ बघत राहिला. मग उठला आणि शेळीच्या मागं गाडी घातली. शेळीनं खाऊन ठेवलेल्या बोटभर बुडख्यांवर गाडी अशी सळसळत गेली, जसा काही नवा वस्तरा.

"बराबर!" भाऊ ओरडला. "आधी दात, मंग पातं!"

आता तो दारोदार फिरला. "तुमची जनावरं वेशीपुढं चारा, पाया पडतो." लोकांनाही फुकटचा चारा, कोण नको म्हणतो? गावची गुरं पुढं आणि भाऊ मागं, अशी वरात रोज मैदानावर फिरू लागली. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या माणसांनीही आपल्या गाई आणल्या. एक गाय तर भाऊवर इतकी खूष झाली की वळून बघायची, येतोय का म्हणून.

पोळ्याच्या दिवशी मैदान कसं झालं होतं, काय सांगू! मुंगी चालली तर तिचा माग दिसावा. म्हातारे येऊन बसले, मग आडवे झाले, मग उठेनात. पाटील आपल्या मानाच्या बैलाला घेऊन आला, कडेला थबकला, आणि त्यानं पायातले जोडे काढून हातात घेतले. ते बघून गावानं जोडे काढले. बैलांना जोडे नव्हते म्हणून, नाहीतर त्यांनीही काढले असते.

पाटील बराच वेळ पायाखाली बघत राहिला. "भाऊ," तो म्हणाला, "आण तुझा बिनशेपटीचा. रांगेत शेवटी उभा कर."

गाडीला गेरू लावलेला, दांड्याला गोंडे. तोरण तुटलं, बैल ज्याच्या त्याच्या दारी निघाले, आणि भाऊ गाडी ढकलत आपल्या दारी. वैनीही तेवढ्यात येऊन पोचत होत्या. हातात ताट, त्यावर ओला रुमाल. गल्ली दारादारांत उभी. मी आमच्या भिंतीवर.

"बैल?" वैनी म्हणाल्या.

"तोरणाखालून हीच आली." भाऊनं दांडा घट्ट धरला. "मैदान बघून आलीस ना?"

"बघितलं. चप्पल हातात घेऊन आले." वैनींनी गाडीकडं मान वळवली. "ते सगळं हिनं केलं?"

"आधी गावच्या बैलांनी खाल्लं, मंग हिनं."

"म्हंजे गावाचं उष्टं खाऊन मिरवती. अगदी तुमच्यावानी."

गल्ली हसली. भाऊ हसला नाही. तो वैनींच्या पायांकडं बघत होता, ते कुठं वळतात म्हणून. वैनींनी चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणाची पोळी उचलली आणि पात्यांपुढं धरली. "घे बाई. खा." भाऊनं बोटानं चाक फिरवलं. पोळीच्या बारीक बारीक पट्ट्या ताटात पडल्या.

"खाती की!" वैनी म्हणाल्या. "पण पुढच्या पोळ्याला शेपटीवाला बी पाहिजे. गवऱ्या थापायच्यात मला." आणि पदर खोचून त्या घरात गेल्या. भाऊ अंगणातच बसला. तोंडावर उपरणं धरून बराच वेळ बसला.

त्या मैदानाची बातमी हिंगोलीला गेली. अंमलदारांच्या बंगल्यांची, कचेऱ्यांपुढची हिरवळ राखायला भाऊला बोलावणी येऊ लागली, आणि पुढच्या पोळ्याआधी दारात दोन गोऱ्हे आले.

मग निजामाचं राज्य गेलं. पावसाळा सरत आला होता. नवे साहेब आले, नांदेडला बागा लावायचं काम निघालं आणि भाऊला सांगावा आला. आम्ही निरोप द्यायला रस्त्यापर्यंत गेलो. गोऱ्ह्यांचे आता चांगले बैल झाले होते. बैलगाडीत सगळ्या ढकलगाड्या पोत्यांत गुंडाळून रचलेल्या, आणि त्यांच्यावर भाऊ. देखणी तेवढी वैनींनी गाडीत चढवू दिली नाही. "धक्क्यानं पातं बिघडंल," म्हणाल्या, आणि स्वतः रस्त्याच्या कडेनं ढकलत चालू लागल्या.

"आवो, बैल हळू हाका! माझी मागं राहून राहिली!" एवढं ओरडणं आम्हाला वळणापर्यंत ऐकू आलं.

माणसं दिसेनाशी झाली तरी आम्ही उभेच होतो. रस्त्याच्या कडेला, गुरांनी चरलेल्या गवतात, हातभर रुंदीचा एक हिरवा पट्टा साफ कापलेला होता. कुठं जरा वाकडा, कुठं सरळ, पण कुठंही न तुटता तो नांदेडच्या दिशेनं निघाला होता.