विदादची काचपेटी

विदादला नुसतं बसलेलं मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बसली तर शिवणयंत्रापुढे, शाळेतल्या मुलींचे निळे झगे शिवत. एरवी सासऱ्यामागे. तिचे सासरे हाजी मुतश्शर. त्यांनी उभा जन्म शत्त नदीच्या पाण्यात जाळी टाकली, आणि आता होडी विकून टाकलीय हेही त्यांच्या डोक्यात राहत नाही. दुपारचं जेवण झालं की चपला घालतात आणि होडी बघायला निघतात. कधी बेकरीवाला परत आणून सोडतो, कधी पोलीस. तिचा नवरा तेलविहिरींच्या छावणीवर. तो घरी येतो तो झोपायला.

एकदा हाजी मोठ्या सडकेवर सापडले, टँकरांच्या मधोमध. त्या शुक्रवारी विदादचा थोरला दीर अबू फाहिम साखळी आणि कुलूप घेऊनच आला. नदीपलीकडे राहतो, आठवड्यातून एकदा येतो, चहा पितो, हुकूम सोडतो.

"पुन्हा बाहेर पडले तर हे दाराला लागणार," तो म्हणाला. "लोक मला तोंडावर विचारतात."

"तुझ्या घरी ने की," मी म्हटलं. मी शेजारीण. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी विचारायची वाट बघत नाही.

"उम्म दुरैद, तू तुझे मोर्चे सांभाळ."

विदादचे डोळे बघितले तर वाटायचं, ही उभ्याउभ्या झोपतेय. माणसाला बकरीसारखं कोंडायचं तिच्या मनात नव्हतं, आणि राखण करायला अंगात त्राण उरलं नव्हतं.

काचपेटीची कल्पना तिचीच. दातांच्या डॉक्टरकडे एक छोटी पेटी होती, पाण्याने भरलेली. हाजी तिच्यापुढे असे बसले की नंबर आला तरी उठेनात. "पाणी दिसलं की बसतात ते," ती मला म्हणाली. "एवढंसं पाणी घरात आणलं तर?"

मी भडकले. नळाला खारं पाणी येतं म्हणून आम्ही रस्त्यावर घसे फोडतोय, प्यायचं गोडं पाणी डबे भरभरून डोक्यावर आणतोय, आणि ही माशांसाठी गोडं पाणी साठवणार! मी बोलायचं ते सगळं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? मग शुक्रवारच्या बाजारात चल माझ्याबरोबर. एकटीला उचलायची नाही ती."

गेले. काय करणार!

जनावरांच्या बाजारात कबुतरांच्या ओळीमागे सब्री नावाचा माणूस पेट्या मांडून बसतो. त्याने कवेत मावेल एवढी पेटी दिली, हवेवर चालणारी स्पंजाची गाळणी दिली आणि ओंजळभर शंबलान दिलं, दलदलीत म्हशी खातात तेच शेवाळासारखं झाड. मासे मात्र देईना.

"आधी पाणी मुरू दे, बाई. तुर्शीचं लोणचं मुरतं तसं. गोडं पाणी भर, त्यात थोडं नळाचं मिसळ. अगदी निव्वळ गोड्या पाण्यातही मासा तग धरत नाही. झाड लाव, गाळणी चालू ठेव आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाक."

"मासे नाहीत तर खाणार कोण?" मी विचारलं.

"ते कुजतं, मग पाण्यात घाण खाणारे जीव धरतात. ते नसले तर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. महिनाभर धीर धर. लोक धरत नाहीत आणि मग माझ्या नावाने बोंबलतात."

विदादने वाळू इतक्या वेळा धुतली की मला राग आला. पेटी तिने खिडकीपासून लांब, एअरकूलरच्या वाऱ्यात ठेवली, नाहीतर आमच्या उन्हात पाण्याचा काढा व्हायचा. समोर चटई टाकली. जेवण झाल्यावर हाजी चपलेकडे वळले. त्याच वेळी तिने चिमूटभर खाणं पाण्यावर टाकलं.

हाजी थांबले.

"चारा टाकलास?"

"हो, यबा."

"मग पाय आपटू नकोस." आणि ते चटईवर बसले.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. पेटीत एक मासा नाही. वाळू, झाड, बुडबुडे. आणि तो म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून तासन् तास तिच्याकडे बघत होता. कोळ्याच्या जन्माला आलेला माणूस, मासे नसलेल्या पाण्यापुढे बसण्यातच त्याचं आयुष्य गेलेलं. रोज दुपारी तेच. चारा पडला की ते बसायचे. झाडाबरोबर आलेली एक इवलीशी गोगलगाय काचेवर चढली, तर म्हणाले, "पाणी चांगलं आहे. येतील." विदादचं यंत्र पुन्हा चालायला लागलं.

अबू फाहिम आला आणि हसत सुटला. "रिकाम्या काचेला खाऊ घालतेस? म्हाताऱ्याचं गेलं ते गेलं, आता तुझंही गेलं वाटतं! गल्लीला तमाशा दाखवायचाय का? मासे तरी आण."

ते तिच्या जिव्हारी लागलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. पाणीही मुरलं होतं. आम्ही सब्रीकडून सहा गप्पी आणले, नखाएवढे, शेपट्या नारिंगी. त्याने सांगितलं होतं तशी पिशवी आधी पेटीत तरंगत ठेवली, मग पेटीचं पाणी थोडंथोडं पिशवीत घातलं, मग मासे सोडले. विदादच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. "दिसले का, यबा?"

हाजींनी नाक काचेला लावलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती धाग्याचं रीळ आणायला आत गेली आणि बाहेर आली, तर चटई रिकामी, पेटी रिकामी, चहाची गाळणी ओली, भाताचं छोटं पातेलं गायब.

ती अनवाणी धावली. मी मागून. बेकरीवाल्याने खाडीकडे बोट दाखवलं. खजुरीच्या झाडांपलीकडे, खाडीच्या उतारावर हाजी बसले होते, पातेलं मांडीत, वर स्वतःचा रुमाल झाकलेला.

"यबा, काय केलंत हे?" विदादला धाप लागली होती.

"पिलं आहेत ही." त्यांनी रुमाल उचलून दाखवला. "कुणी पकडली इतकी लहान? लाज नाही वाटत? पिलू जाळ्यात आलं तर सोडायचं असतं. भरती येऊ दे. ओहोटीत सोडली तर चिखलात राहतील."

त्या खाडीत अख्ख्या मोहल्ल्याचं सांडपाणी. मी बोलायला तोंड उघडलं, तर विदादने माझा हात दाबला. ती त्यांच्या शेजारी मातीत बसली. पाणी चढेपर्यंत आम्ही तिघं तिथेच. मग त्यांनी पातेलं कलतं केलं, हळूच, एकेक करून. नारिंगी शेपट्या काळ्या पाण्यात गेल्या.

घरी परतलो तर अबू फाहिम दारात. बेकरीवाल्याने फोन केला होता. साखळी कडीत ओवून झाली होती.

"बास आता. मी सांगितलं होतं."

मी त्याच्यावर जाणार, तेवढ्यात विदाद बोलली. आवाज चढवला नाही. चढवायला अंगात काही शिल्लक असेल तर ना.

"लावा, अबू फाहिम. आणि किल्ली तुम्हीच ठेवा."

"मी?"

"हो. मी कोंडणार नाही, त्यामुळे किल्ली मला नको. सकाळी अंगणातल्या हमामात जायला उघडा, दुपारी नमाजाला उघडा. रात्री त्यांना लघवीला दोनदा लागतं, तेव्हाही या. पूल ओलांडायला किती वेळ लागतो?"

हाजींनी त्याला ओळखलं नव्हतं. ते कडीतली साखळी बघून म्हणाले, "बेटा, नांगर आणलास? ठेव तिकडे, ओला करू नकोस."

अबू फाहिमने साखळी कडीतून काढली. वाळल्या लिंबाचा चहा न पिता निघून गेला. तो माणूस चहा सोडून गेलेला मी पहिल्यांदा बघितला.

"सब्रीकडे आता मोठे मासे मागू," मी म्हटलं. "पिलं नकोत."

"एवढ्या पाण्यात मोठा मासा मरतो, उम्म दुरैद. आणि मोठा आला तर ते त्याला भाजायला घेतील." ती खाली वाकली, पेटीत हात घालून उपटलेलं शंबलान परत वाळूत खोचलं. "नकोतच मासे."

तेव्हापासून ती बिनमाशांच्या पाण्याची चाकरी करते. उकाड्याने पाणी उडतं, तितकं गोडं पाणी रोज डब्याने भरते. वीज गेली की बर्फाची बाटली तरंगत ठेवते, झाड उकडू नये म्हणून. मी एक शब्द बोलत नाही. मला न बोलण्याची सवय नाही, हे साऱ्या बसऱ्याला ठाऊक आहे.

काल दुपारी गेले तर यंत्र बंद होतं. निळे झगे कापलेले तसेच पडलेले. विदाद भिंतीला टेकून झोपली होती, तोंड थोडं उघडं, बोटात अंगुस्तान तसंच. हाजी चटईवर.

"विदाद," मी हाक मारली.

हाजींनी मागे न बघताच हात वर केला.

"हळू, बाई. पाण्याजवळ बोलू नये."

मी चपला हातात घेतल्या आणि उंबऱ्यावरच बसले.