आधी पडण्याचं बोलू

“नाव नंतर सांगते. आधी मी पडले तर काय करायचं ते ऐका.”

ताई आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी आल्या त्या हे बोलतच. पिशवी अजून खांद्यावर होती. “मला फिट येते. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स. तोंडात काही घालायचं नाही, हातात किल्ल्या कोंबायच्या नाहीत, आणि कृपा करून चप्पल हुंगवायची नाही. तुमच्या चपलांबद्दल माझं काही वाईट मत नाही.” मग त्यांनी नाव सांगितलं आणि इथे चहा कुठे बरा मिळतो ते विचारलं.

वारज्यातलं आमचं ऑफिस छोटं होतं. लिफ्ट चालवणाऱ्या सर्किटांचे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. तुम्हाला लिफ्टचं बटण दाबण्यापलीकडे काही कळायची गरज नाही, पण ताई कळायला हव्या असतील तर एवढं ऐकावं लागेल. चिपला वीज मिळते त्या पहिल्या क्षणी तिच्याजवळ काहीच नसतं. मेमरी तयार नाही, स्क्रीन जागी नाही. अशा वेळी काही बिघडलं तर कुठे जायचं आणि काय करायचं, याचा एक तक्ता तिला भरून द्यावा लागतो. तक्ता नसेल तर चिप भलत्याच पत्त्यावर उडी मारते आणि ती बसवलेला अख्खा बोर्ड मुका होतो. का मेला, कोणी सांगू शकत नाही.

बरेच लोक हा तक्ता सावकाश भरतात, बाकीची मांडामांड झाल्यावर. ताई अगदी सुरुवातीला भरायच्या. शिवाय मुद्दाम चुकीची आज्ञा घालून बोर्ड पाडून बघायच्या. पडलेल्या बोर्डाने मोटर बंद ठेवायची, ब्रेक लागलेला ठेवायचा, आणि कुठे पडलो, कशामुळे पडलो, एवढं वायरीवरून कळवून थांबायचं. जास्त बडबड नको, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या साहेबांना हे पसंत नव्हतं. “अहो, गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. आधी स्क्रीनवर कंपनीचा लोगो दिसू द्या, मग भरा तुमचा तक्ता.”

“आणि लोगोच्या आधीच पडलं तर गिऱ्हाइकाला काय दाखवणार? काळी पाटी?”

“इतक्या लवकर कशाला काय होतंय?”

“होतं, साहेब. तेव्हा झालेलं कोणाला कळत नाही, एवढंच.”

एका दुपारी मीटिंगमध्ये ताई खरंच पडल्या. आमच्यातला एकजण सवयीने चप्पल काढायला वाकला. साहेब ओरडले, “चप्पल पायात ठेवा!” त्यांनी स्वतःचा स्वेटर घडी करून ताईंच्या डोक्याखाली घातला आणि आम्ही सगळे घड्याळ बघत उभे राहिलो. दोनेक मिनिटांत त्या शांत झाल्या, काही वेळाने उठून बसल्या, आणि स्वेटर बघून म्हणाल्या, “हा धुऊन आणून देते. लोगोचं पुढे काय ठरलं?” त्यानंतर लोगोचा विषय साहेबांनी काढला नाही.

ताई कसबा पेठेत थोरल्या भावाच्या, दादाच्या घरी राहायच्या. लग्न झालं नव्हतं. मुलगा बघायला आला की पोह्यांची बशी हातात देण्याआधी फिटचं सांगून टाकायच्या. “पोहे मात्र सगळे संपवून जायचे,” असं म्हणून त्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. राग यायचा, त्या पोहे खाणाऱ्यांचा.

पुढे कंपनी तयार सर्किटं बाहेरून घ्यायला लागली आणि आम्हाला घरी पाठवलं. मला लवकर काम मिळालं. ताई मुलाखती देत राहिल्या, आणि प्रत्येक ठिकाणी खुर्चीवर टेकायच्या आत सांगत राहिल्या. “‘कळवतो’ म्हणतात रे,” त्यांनी फोनवर सांगितलं. “इतकं गोड बोलतात, की पुण्यात आहोत असं वाटतच नाही.” असं वर्ष गेलं. फोनवरचे विनोद कमी होत गेले.

मग खराडीला नोकरी लागली. मी फोनवर अभिनंदन केलं, तर म्हणाल्या,

“या वेळी सांगितलं नाही. दादा म्हणाला, आधी त्यांना तुझं काम दिसू दे, मग सांग.”

“ताई, उद्या गेल्या गेल्या सांगा.”

“सांगते रे. जरा रुळू दे.”

इतकं दबकं बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, दोन टेबलांच्या मध्ये त्या पडल्या. तिथली माणसं वाईट नव्हती. सगळी धावली, आणि प्रत्येकाने आपापल्या घरी जे पाहिलं होतं ते केलं. कोणी बूट नाकाशी धरला, कोणी मुठीत किल्ल्या दिल्या, कोणी दातांत चमचा घातला. खुर्चीत बसवून धरलं, आणि शुद्धीवर याव्यात म्हणून तोंडात पाणी ओतलं. पाणी श्वासनलिकेत गेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ताई गेल्या होत्या.

त्यांच्या वस्तू आणायला दादाबरोबर मी गेलो. ताईंना ज्याने कामावर घेतलं होतं, तो माणूस आम्हाला एका खोलीत घेऊन बसला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. “नुसतं एका शब्दाने सांगितलं असतं हो त्यांनी,” तो म्हणाला. “आम्ही सगळं नीट केलं असतं.”

दादाने विचारलं, “सांगितलं असतं, तर घेतलं असतंत कामावर?”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“खरं सांगू? नसतं घेतलं.”

“तेच म्हटलं होतं मी तिला,” दादा म्हणाला. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा थोडा सैल झाला. ते मला बघवेना. मी ताईंची पिशवी उचलली आणि बाहेर येऊन उभा राहिलो.