आप्पांच्या रेकॉर्डवरचे घुंगरू

घुंगरू गायब होते. आप्पांची ती लावणीची रेकॉर्ड मला तोंडपाठ आहे. आधी बराच वेळ नुसते घुंगरू, मग ढोलकी, मग बाई गायला लागते. आणि इथं सुई टेकवली तर सगळं सामसूम, मग एकदम ढोलकी! मी उठलो, वायरी हलवल्या, परत सुई टेकवली. परत तेच.

बायको दारातून म्हणाली, "वाजतायत की हो घुंगरू."

"तुला काय कळतं यातलं?" मी खेकसलो. चाकणला प्रेस शॉपमध्ये, धाडधाड पत्रा दाबणाऱ्या मशिनींवर, वीस वर्षं डाय म्हणजे साचे सेट करतोय मी. केसभर फरक पडला तरी मला कळतो, आणि ही मला सांगणार!

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचाही सगळा जन्म प्रेसवरच गेला, पिंपरीच्या एका कंपनीत. गेल्या वर्षी ते गेले आणि मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर त्यांचं सामान राहिलं. लाकडी खोक्याचा ॲम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर बॉक्स आणि पत्र्याच्या ट्रंकेत रेकॉर्डी. रेकॉर्ड प्लेअरची मोटर जळालेली. म्हटलं, उगाच खर्चात पडायचं नाही, आहे त्यातच जमवायचं. कुदळवाडीच्या भंगारात एक जुना प्लेअर मिळाला. त्याचा रबरी पट्टा पार वितळून चिकटला होता. तो बदलला, सुई नवी घातली. ॲम्प्लिफायरवर बारीक, उंच पट्टीचा आवाज कमी-जास्त करायचं ट्रेबलचं बटण असतं, ते आप्पांनी उजवीकडे अगदी टोकाला पिळून ठेवलं होतं. इतकी वर्षं तिथंच राहून ते जॅम झालेलं. काय ही पद्धत, असं पुटपुटत मी तेल सोडून ते मोकळं केलं आणि बरोबर मधोमध आणलं. सेटिंग झिरोवर, आम्ही कंपनीत करतो तसं.

पुढचे पंधरा दिवस मी माणसात नव्हतो. शिफ्टवरून आलो की बूट काढायच्या आत स्क्रू ड्रायव्हर हातात. रेकॉर्ड साबणाच्या पाण्यानं धुतली. वायरी बदलल्या. बॉक्स उघडले, मिटले, परत उघडले. जेवताना मध्येच उठायचो. बायको म्हणाली, "एकदा निवांत बसा की! अंगात आल्यासारखं काय चाललंय?" पण बसवेना. ते घुंगरू लहानपणी आप्पांच्या शेजारी सतरंजीवर बसून मी ऐकले होते. माणूस तर गेलाच, निदान एवढं तरी हाती लागावं ना! रेकॉर्ड तीच, बॉक्स तेच, मग घुंगरू गेले कुठे?

शेवटी एक बॉक्स स्कूटरवर पायापाशी धरून देहूरोडला एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे नेला. साठीचे चाचा, हात मोठा सफाईदार. त्यांनी तपासून सांगितलं, ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, एकदम ओके आहे. मला पटलं नाही. प्रेसवरचा माणूस आहे मी, केसभर फरक कळतो मला, असं त्यांना सुनावलं. दुसरा बॉक्स नेला. तोही ओके. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी आवाज चढवलाच. "चाचा, बिघाड सापडत नसेल तर सरळ सांगा ना राव!"

ते चिडले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या मशिनला माझा बॉक्स जोडला. एक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि बारीक बारीक होत चढायला लागला. "भाऊ, बंद झाला की हात वर करा."

मी हात वर केला.

चाचा तसेच कान देऊन बसले होते. बराच वेळ. मग म्हणाले, "अजून वाजतोय, भाऊ. प्रेसवर किती वर्षं झाली?"

मी बॉक्स उचलला, स्कूटरला लाथ मारली आणि निघालो. डोकं नुसतं भणभणत होतं. म्हातारा मला बहिरा म्हणतो! कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी होते आणि दरवर्षी मी पास होतो. कसा होतो, तेही मलाच ठाऊक. काचेच्या केबिनमध्ये हेडफोन घालून बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेपलीकडच्या माणसाच्या हाताकडे बघतो. त्यानं खटका दाबला की मी बटण दाबतो. नापास झालो तर प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकतील, ही भीती. आणि कानात घालायचे प्लग? ते गळ्यात लटकलेले. सेफ्टीवाले साहेब दिसले की कानात, पाठ फिरली की परत गळ्यात.

तळवड्याच्या सिग्नलला अडकलो आणि आप्पांचं बटण डोळ्यांसमोर आलं. उजवीकडे, टोकाला.

मी आयटीआयला होतो तेव्हाची गोष्ट. ते रेकॉर्ड ऐकत बसले होते आणि मी आतून ओरडलो होतो, "आप्पा, कान फाटले! बहिरे झालात का?" त्यांनी चकार शब्द न काढता प्लेअर बंद केला. त्यानंतर माझ्यासमोर कधीच लावला नाही. मला वाटलं, नाद सुटला असेल. हाक मारली की उशिरा ओ द्यायचे, तो मी त्यांचा ताठा समजत आलो. ते खरोखरच बहिरे होत चालले होते आणि मी त्यांना त्याच शब्दानं हिणवलं. मागचे हॉर्न वाजवत होते. मला सिग्नल सुटल्याचंही कळलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लावायचे की आप्पा. मोटर जळेपर्यंत लावायचे. तुम्ही शिफ्टला निघालात की लगेच. मी स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचे. कान किटायचे माझे, पण कधी बोलले नाही."

मला तिच्याकडे बघवेना. बॉक्स जोडला, सुई टेकवली आणि बटण उजवीकडे टोकाला नेलं. आले! लांबून, पुसट, पण घुंगरूच. मला रडू फुटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगी कानांवर हात ठेवून बाहेर आली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, जीभ माझ्यावरच गेलीय. "पप्पा, कान फाटले! बहिरे झालात का?"

माझा हात बटणावर होता. आप्पांनी बंद केलं होतं.

"हो, झालोय," मी म्हणालो. "आप्पाही झाले होते. ये, तुला बरं वाटेल तिथं लाव."

ती पुढे आली, बटण मधोमध आणलं आणि माझ्याशेजारी खाली बसली. मी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. मला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या पायाचा अंगठा ठेक्यात हलायला लागला, तसा मी मान डोलवायला लागलो. ढोलकी येईपर्यंत मी त्या अंगठ्यावरची नजर काढली नाही.