शनिवारची भरती

सहदेवदादा तांडेल गेले, आणि त्यांच्या शोकसभेत मुख्य भाषण कोणी करायचं, तर म्हणे मी. का, तर मी त्यांचा शिष्य. शिष्य कसला, कपाळ माझं! ज्या माणसाने दादांना त्यांच्या सख्ख्या बहिणीपासून तोडलं, त्याच्याच हातात माइक द्यायला निघालेले लोक. त्यांचा तरी काय दोष म्हणा. खरं काय ते फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक आता गेलेला.

दादा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. तरुणपणी दहा वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होते. आई आजारी पडली म्हणून परत आले आणि डोंबिवलीच्या आमच्या छोट्याशा दैनिकात बातमीदार म्हणून लागले, ते शेवटपर्यंत. पण पाणी काही सुटलं नाही. स्वतःची शिडाची होडी होती. दर रविवारी ती खाडीत काढायचे आणि वाटेल त्याला बसवायचे. शाळेची पोरं, रिटायर झालेले मास्तर, एकदा तर साहेबी बूट घातलेला एक इंजिनिअर. त्याला म्हणाले, "नाला खाडीत सोडायच्या कागदावर सही तुझीच ना? मग चल, वास घेऊन ये."

मलाही नेलेलं एकदा. मी पाच मिनिटांत ओकलो. "सुधीर, तू डोंबिवलीतच बरा," म्हणाले, आणि पुढे वर्षभर ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो किस्सा रंगवून सांगत बसले. मी चिडायचो, ते आणखी सांगायचे.

माणूस मात्र असा की कल्याणच्या रिक्षा स्टँडपासून खडवलीच्या नदीकाठापर्यंत लोक हाका मारून चहाला थांबवायचे. कोणी बुडालं, कोणी गेलं, तर बातमी फोनवर घ्यायचे नाहीत. घरी जायचे, मांडी घालून बसायचे, नाव विचारून लिहायचे. आम्हाला बजावायचे, "मेलेल्याचं नाव चुकवू नका रे. दुरुस्ती वाचायला तो येत नाही."

आमच्या पान तीनवर उजव्या कोपऱ्यात बोटभर चौकट असायची, 'आजची भरती-ओहोटी'. ती दादांची. रोज स्वतः वेळा काढून द्यायचे. मला ती चौकट म्हणजे नुसती कटकट वाटायची. जुन्या कोळ्यांना तिथीवरून पाणी कळतं आणि डोंबिवलीकरांना पाण्याशी काय देणंघेणं! मग वाचतं कोण? मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे विहिरीला भरती येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी दादा एका लग्नासाठी चार दिवस रत्नागिरीला गेलेले. शुक्रवारी दुपारी त्यांनी फोनवर मला शनिवारच्या वेळा सांगितल्या. मी कागदाच्या कपट्यावर लिहून घेतल्या आणि कपटा हरवला. संध्याकाळी पान सोडायची घाई. पुन्हा फोन करावा, तर आधीच एकदा असंच करून बोलणी खाल्लेली. मग मी काय अक्कल चालवली? गेल्या शनिवारची चौकट उचलली आणि जशीच्या तशी लावली. म्हटलं शनिवारच तो, शनिवारची वेळ शनिवारी! रेल्वेचं टाइमटेबल असावं तसं.

भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आठवड्यात बरोबर उलटं होतं. गेल्या शनिवारी ज्या वेळेला भरती, या शनिवारी त्या वेळेला ओहोटी. हे मला नंतर कळलं.

दादांची धाकटी बहीण चंद्रभागा माजिवड्याला दिलेली. तिचे यजमान विठ्ठलराव कोळ्याच्या घरचे, पण सगळी नोकरी कंपनीत गेली. रिटायर झाल्यावर हौसेने जुनी होडी घेतली, पण तिथीबिथीचं गणित काही जमेना. म्हणायचे, "मला कशाला पाहिजे तिथी? माझा मेव्हणा पेपरात लिहितो ना!" त्या शनिवारी त्यांनी चौकट वाचली. साडेबाराला भरती. पाणी चढतंय असं समजून दहाला निघाले. पाणी उतरत होतं. अकराच्या सुमाराला होडी चिखलात रुतली. ढकलायला म्हणून खाली उतरले आणि चिखलातला गंजका पत्रा पायात घुसला. साखरेचा आजार होताच. तीन आठवड्यांनी पाय गुडघ्याखालून कापला.

दादा सोमवारी ऑफिसात आले. संपादक खवळलेले, "कोणी केलं हे?" म्हणून विचारत होते. मी खाली मान घालून बसलो. दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मी. फोनवर मीच चुकीचं सांगितलं." दुसऱ्या दिवशी त्याच चौकटीत त्यांच्या नावाने दिलगिरी छापून आली.

नंतर जिन्यात गाठून मला एवढंच म्हणाले, "सुधीर, समुद्राला वार नसतो रे." मी रडायला लागलो. माझं लग्न पंधरा दिवसांवर होतं, नोकरी गेली असती. ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "नोकरीचं मी बघितलं. पण चंद्राला तू सांग. मी सांगितलं तर बहिणीजवळ दुसऱ्याचं नाव घेऊन सुटल्यासारखं होईल. तुला जमेल तेव्हा जा."

जमेल तेव्हा! अकरा वर्षं मला जमलं नाही. आधी लग्न, मग मुलगी, मग इतकी वर्षं गेल्यावर आता कशाला उकरायचं. लाज वाटायची आणि त्या लाजेनेच पाय उचलायचा नाही. चंद्रभागाने भावाशी बोलणं टाकलं. विठ्ठलराव बोलायचे, ती नाही. भाऊबीजेच्या दिवशी आमच्या ऑफिसात सगळे कपाळाला कुंकू-अक्षता मिरवत यायचे. दादांचं कपाळ कोरं. मला एका शब्दाने कधी विचारलं नाही, "गेलास का?" विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शोकसभा कोळीवाड्याच्या हॉलमध्ये होती, रविवारी सकाळी. मी पोचलो आणि पायाखालची जमीनच सरकली. आमच्या ऑफिसातली हेमांगी, नवी बातमीदार, फार गुणी पोरगी, तिने जुन्या अंकांतून ती दिलगिरी शोधून काढलेली. मोठी करून दादांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावलेली. 'भरती-ओहोटीच्या वेळा चुकीच्या छापल्या गेल्या. चूक माझी आहे. क्षमा मागतो. सहदेव तांडेल.' मला कौतुकाने म्हणते, "सर, स्वतःची चूक स्वतःच्या नावाने छापणारा माणूस! तुम्ही यावरच बोला ना."

तिसऱ्या रांगेत चंद्रभागा बसलेली, शेजारी कुबडी घेऊन विठ्ठलराव. ती त्या पाटीकडेच बघत होती. भाऊ गेला आणि त्याच्या डोक्याशी त्याचा गुन्हा टांगलेला. तो गुन्हा माझा. लिहून आणलेलं चार पानांचं भाषण खिशात होतं, छान छान शब्दांचं. तेच वाचून खाली उतरलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. मेलेला माणूस दुरुस्ती वाचायला येत नाही, तसा तक्रार करायलाही येत नाही.

माइकसमोर उभा राहिलो. पाटीकडे बोट केलं आणि म्हणालो, "हे खोटं आहे. दादांनी वेळा बरोबर सांगितलेल्या. मी कागद हरवला आणि मागच्या शनिवारच्या लावल्या. त्यांनी माझी नोकरी वाचवली. चंद्रभागाताईंना सांगायला मला सांगितलेलं. मी गेलो नाही. अकरा वर्षं गेलो नाही."

मग मागून कोणीतरी शिवी हासडली, ती मला बरी वाटली. चंद्रभागा उठली. सावकाश पुढे आली. वाटलं, ही आता थोबाडीत देणार. दिली असती तर मी दुसरा गालही पुढे केला असता. ती आधी हेमांगीला म्हणाली, "पोरी, ती पाटी काढ." मग माझ्याकडे वळली.

"तो यायचा, ठाऊक हाय तुला? दर भाऊबीजेला. सकाळीच. माजिवड्याला आमच्या बिल्डिंगसमोर रस्त्यापलीकडे उभा राहायचा, हातात पिशवी घेऊन. मला वरून दिसायचा. मी खिडकी लावून घ्यायची. अकरा वेळा लावली." तिचा आवाज चढला नाही. "आता मी कोणाला ओवाळू, सांग."

विठ्ठलराव तिला हाताला धरून घेऊन गेले. मी तिथेच उभा. आणि मला त्या अकरा दिवाळ्या आठवायला लागल्या. माजिवड्याहून तो माणूस तसाच डोंबिवलीला ऑफिसात यायचा. पिशवी टेबलाखाली सरकवायचा, घाम पुसायचा. आणि मी, कपाळावर बहिणीचं कुंकू घेऊन, दर वर्षी हसत विचारायचो, "काय दादा, झाला का फराळ?"