धवल्यांपुढचं शून्य

शहापूरच्या बैठकीत साहेब माझाच अहवाल मोठ्यानं वाचत होते. कोणत्या लोककलांना सरकारी मदत द्यायची, हे त्यावरून ठरणार होतं.

"डोळखांब भाग. लग्नातले धवले गाणाऱ्या, शून्य. म्हणजे ही कला संपली. यादीतून काढू."

पाहणीला मी गेले तेव्हा भाताची लावणी चालू होती. धवले गाणारी काकी चिखलात वाकलेली. बांधावरून मोबाइल पुढे धरून मी म्हटलं, "काकी, दोन ओळी गा ना."

"मांडव नाय, नवरी नाय, अशी कशी गाऊ गो? अपशकुन होतो."

रेकॉर्डिंग नसेल तर शून्य लिहा, असं फॉर्मवर छापलं होतं. अक्कल गहाण ठेवून मी शून्य लिहिलं आणि पुढच्या पाड्याला निघाले.

"काढू नका साहेब," आता मी उठून म्हणाले. "त्या गातात."

"पुरावा काय?"

"माझ्या लग्नात त्यांनीच गायले होते. हळदीपासून पाठवणीपर्यंत."

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मग हे शून्य कुणी लिहिलं?"

खाली माझी सही होती.