फाळक्यावरचे नाव

जागतिकीकरणाने आमच्या तळेगाव ढमढेऱ्याला समकालीन कलेच्या नकाशावर नेऊन ठेवले. नेले म्हणजे, उसाच्या ट्रॉलीचा मागचा फाळका बोटीने युरोपात गेला. तो रंगवला होता आमच्या शेजारच्या दत्तूमामांनी.

मामांना ब्रश पँटला पुसायची खोड. एरवी ते एका कोरियन कंपनीत जमिनीवर पिवळे पट्टे मारत. तो रंग डाव्या पायाला. सुट्टीच्या दिवशी ट्रॉल्या रंगवत. तो लाल-हिरवा उजव्या पायाला. मामी ओरडल्या की म्हणत, "रंग वाळू दे, मंग बोल."

या फाळक्यावर त्यांनी नऊवारीतली बाई काढली होती. डोक्यावर उसाची मोळी, पायांत सेफ्टी शूज. युरोपात प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडम पुण्याहून फाळका न्यायला आल्या आणि हळहळल्या, "दोन संस्कृतींत दुभंगलेली स्त्री!"

"दुभंगली कुठं मॅडम? आमची ही हाय. कंपनीच्या कॅन्टीनला जाती, तिथनं थेट रानात. बूट काढायला टाइम कुठाय?"

मॅडमनी हे लिहून घेतले नाही. मामांचे नावही नाही.

फाळका गेल्यावर मामांनी मला एकदाच विचारले, "सर, तिकडं चित्राखाली नाव लावत्यात म्हनं. माझंच ना?" माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची नावे रंगवली होती. ट्रॉलीवर मालकाचे नाव असते. पेंटरने आपले टाकायची आमच्याकडे पद्धत नाही.

माहितीपत्रक आले. तिकडच्यांनी फाळक्यावरचे एकुलते एक नाव कलाकाराचे समजून छापले होते : शहाजी आप्पा, केंदूर. म्हणजे ट्रॉलीचे मालक. आप्पांचा फेटा बांधून सत्कार झाला. समोर बसलेल्या मामांना ते नंतर म्हणाले, "मामा, मी काय करू? छापलं त्यांनी. आन् ट्रॉली तर माझीच हाय."

मी मॅडमना तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याला उत्तर आले : 'ओळख ही प्रवाही संकल्पना आहे.' मी संतापून ते मामांना वाचून दाखवले.

"प्रवाही म्हंजी?"

"पातळ."

"थिनर जास्ती पडलं असंल," मामा म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी त्यांनी ब्रश हातात घेतला नाही.

वर्षाने फाळका परत आला. तोवर आप्पांनी ट्रॉली कासुर्डीच्या एका बागायतदाराला विकली होती. त्याचे नाव टाकायचे म्हणून मामांनी बाईसकट सगळा फाळका पॉलिश पेपरने घासून काढला. नव्या मालकाने गरुड सांगितला होता.